संस्था दारात आली, तर काय विचाराल?



वाडीत ‘संस्थावाले आले’ अशी हाक आली की दोन प्रकारची माणसे दिसतात. एक पिशवी घेऊन पुढे येतो, दुसरा दार लावून घेतो. पहिल्याला वाटते, काहीतरी फुकट मिळेल. दुसऱ्याला वाटते, हे लोक आपल्या नावावर पैसे खातात. दोघांचेही अनुभव खरे असतील. पण संस्था म्हणजे नेमके काय आणि तिच्याकडून हक्काने काय मागता येते, हे माहीत नसेल तर नुकसान आपलेच होते. आजारपणात हे न कळल्याने घर कर्जात जाते, कधी माणूसही हातचा जातो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर गोळ्या-औषधांऐवजी संस्थांबद्दल लिहिते आहे.

संस्था म्हणजे काय?

जी नफा कमावून मालकांत वाटत नाही, तिला आपण सेवाभावी संस्था म्हणतो. तिची नोंदणी साधारण तीन प्रकारे होते: १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, म्हणजे ट्रस्ट म्हणून, किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली. ट्रस्टवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. दरवर्षी हिशेब तपासून तिथे द्यावा लागतो. अशा संस्थांना करात सवलत मिळते, काहींना सरकारी जमीन किंवा अनुदान मिळते. ही सवलत जनतेच्या तिजोरीतून येते. काडेपेटीपासून मोबाईलपर्यंत प्रत्येक वस्तूवर आपणही कर भरतो. तेव्हा संस्थेसमोर मान खाली घालून उभे राहायचे कारण नाही.

संस्था ही गोष्ट आपल्यालाही परकी नाही. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. रीतसर नोंदणी, घटना, कार्यकारी मंडळ, सगळे होते. पुढच्याच वर्षी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. ज्यांच्यासाठी काम आहे त्यांचाच कामावर ताबा, ही आपली परंपरा आहे.

चांगले काम कसे ओळखावे?

आपल्या जिल्ह्यातले उदाहरण घ्या. देवरुखला १९५४ साली इंदिराबाई हळबे यांनी दोन खाटांचे प्रसूतिगृह सुरू केले. लोक त्यांना मावशी म्हणत. त्यातून मातृमंदिर संस्था वाढली. पुढे ‘गोकुळ’मध्ये निराधार मुलींना घर मिळाले. सुरुवात मोठ्या इमारतीने झाली नव्हती, अडलेल्या बाईच्या गरजेने झाली होती.

दुसरे उदाहरण जामखेडचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायका निवडून त्यांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांत दलित समाजातल्या, अक्षरओळख नसलेल्या बायाही होत्या. ज्या बाईला गाव उंबऱ्याबाहेर ठेवत होते, तिलाच बाळाचे वजन करायला घरात बोलवावे लागले. पाण्याची बोअरही दलित वस्तीत घेतली गेली. पाणी हवे तर गावाने तिथे यायचे. आजाराचे मूळ जंतूत असते तसेच जातीतही असते, हे त्या डॉक्टरांना कळले होते.

तिसरे गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था १९८६ पासून काम करते. त्यांनी ३९ गावांत बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले: बाळ उबदार ठेवणे, वजन बघणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बाळांचे मृत्यू, शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा, ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुढे २०११ पासून सरकारने हीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर नेली.

म्हणजे आज तुमच्या घरी बाळंतपणानंतर आशाताई येते, तिच्या मागे एका संस्थेचे काम आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी तिने द्यायच्या असतात. घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाचीही. भेट झाली नाही तर तिच्याशी भांडू नका, पण विचारा जरूर. उपकेंद्रातल्या सिस्टरलाही विचारा. बौद्धवाडी गावाच्या टोकाला असली तरी बाळाचे दिवस तेवढेच असतात.

धर्मादाय रुग्णालय: हे नीट वाचा

कोकणातला मोठा आजार मुंबईला जातो, नाहीतर कोल्हापूरला. तिथे नावाजलेली कितीतरी रुग्णालये ट्रस्टची आहेत. आपल्या जिल्ह्यातले डेरवणचे वालावलकर रुग्णालयही ट्रस्टनेच उभे केलेले आहे. काचेच्या दारांकडे बघून आपल्याला वाटते, हे श्रीमंतांचे. पण कायदा वेगळे सांगतो.

विश्वस्त कायद्यातील कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार, धर्मादाय रुग्णालयाने एकूण खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालये आहेत. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल, अशी मर्यादा आहे. ती अधूनमधून वाढते, म्हणून दाखल होताना तिथला फलक वाचा.

निर्धन रुग्णाला खाट, नर्सिंग, निवासी डॉक्टरांची सेवा, नेहमीच्या तपासण्या आणि रुग्णालय देत असेल तर जेवण, यांचे पैसे लागत नाहीत. औषधे आणि शस्त्रक्रियेचे साहित्य यांचा खर्च गरीब रुग्णांच्या निधीतून होतो. हा निधी कुठून येतो? रुग्णालयाने सर्व रुग्णांच्या बिलांतून २ टक्के रक्कम त्यासाठी बाजूला काढायची असते. दुर्बल घटकातल्या रुग्णाला सवलतीच्या दराने बिल लागते आणि औषध-साहित्याच्या खर्चाचा निम्मा तरी भाग भरावा लागतो.

सर्वात महत्त्वाचे: जीव धोक्यात असेल तर रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचे, प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार द्यायचे. त्या वेळी अनामत रकमेसाठी अडवायचे नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर अनामत रकमेचा हा प्रश्न राज्यभर गाजला. ती बातमी वाचून आपण हळहळलो. पण नियम किती जणांनी वाचला?

वॉर्डात काम करताना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. नातेवाईक डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात आल्यावर विचारतात, ‘सिस्टर, काही कमी होईल का हो?’ तोवर दागिने गहाण पडलेले असतात. ही विचारणा पहिल्या दिवशी करायची असते, आणि ती सिस्टरकडे किंवा काउंटरवर नाही. वैद्यकीय समाजसेवकाचे टेबल कुठे आहे ते विचारा. त्याला सांगा, ‘आम्हाला धर्मादाय योजनेतून खाट हवी आहे.’ सोबत रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारकार्ड ठेवा. नकार दिला तर तो लेखी मागा. लेखी मागितले की पुष्कळदा खाट रिकामी निघते. तरीही नाही मिळाली तर त्या जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही याहून वेगळी आहे, तिचीही चौकशी त्याच दिवशी करा.

मुलांच्या बाबतीत जास्त सावध

‘तुमच्या मुलीला शहरात नेतो, राहणे, जेवण, शिक्षण सगळे फुकट’ असे सांगणारे लोक वस्त्यांत फिरतात. काही खरे असतात, काही नसतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार निराधार किंवा गरजू मुलांना ठेवणारी प्रत्येक संस्था नोंदलेली असावी लागते, आणि मूल तिथे बाल कल्याण समितीच्या आदेशानेच जाते. कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन कुणी मूल नेऊ शकत नाही. शंका आली तर १०९८ वर फोन करा. हा नंबर १९९६ साली मुंबईत एका सामाजिक प्रयोगातून सुरू झाला, आता सरकार चालवते.

आणि मूल घरापासून तोडायची गरज आहे का, हे आधी पाहा. वडील वारले, आईला दुर्धर आजार झाला, आईबाप वेगळे झाले, तर मूल घरीच राहावे म्हणून बाल संगोपन योजना आहे. त्यातून मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करायचा. आजीजवळ वाढणाऱ्या नातवंडांसाठी ही रक्कम वह्या-पुस्तके आणि दुधाची सोय आहे.

दारात आलेल्या संस्थेला हे विचारा

१. संस्थेचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक काय?
२. काम किती दिवस चालणार? तुम्ही गेल्यावर ते कोण करणार?
३. आमच्या वाडीतल्या कुणाला शिकवणार का?
४. आमच्या मुलांचे फोटो कशाला हवेत, कुठे छापणार? (नको असेल तर ‘नाही’ म्हणा. फोटो दिला नाही म्हणून गोळी बंद करता येत नाही.)
५. रक्त तपासले तर रिपोर्ट आमच्या हातात कधी देणार?

प्रामाणिक कार्यकर्ता या प्रश्नांनी रागावत नाही. त्याला बसायला पाट द्या, चहा द्या आणि त्याचे काम नीट होईल हे पाहा. जो रागावतो, त्याच्याबद्दल वेगळे सांगायला नको.

आपल्या मंडळाने काय करावे?

कोकणात जवळपास प्रत्येक बौद्धवाडीला गावशाखा आहे आणि तिचे मुंबई मंडळ आहे. जयंतीची वर्गणी, विहाराचे बांधकाम आपण चोख करतो. त्याच वहीत आणखी चार पाने जोडा. एका पानावर मुंबई आणि कोल्हापुरातल्या धर्मादाय रुग्णालयांची नावे आणि तिथल्या समाजसेवकाचे टेबल कुठे आहे ते. दुसऱ्यावर वाडीतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या तारखा. तिसऱ्यावर एकट्या पालकाची मुले. चौथ्यावर कुणाचा उत्पन्नाचा दाखला काढलेला आहे, कुणाचा नाही. दाखला आजारी पडल्यावर काढायला धावू नका, दरवर्षी काढून ठेवा. पौर्णिमेच्या वंदनेनंतर पंधरा मिनिटे ही चार पाने वाचा.

रात्री दोन वाजता पेशंट घेऊन गाडी कशेडी घाट उतरत असेल, तेव्हा मुंबईतल्या आपल्या माणसाला कोणत्या दारात उभे राहायचे हे ठाऊक हवे. त्यासाठी एक वही आणि एक जबाबदार ताई पुरते.