तांब्याभर पाण्याचा हिशेब

मैत्रिणींनो, दारी आलेल्याला आधी पाणी विचारावं, ही आपल्याकडची रीत. मग घरच्याच माणसाला, आणि तेही सासूबाईंना, “आई, आजचं पाणी संपलं हो,” असं सांगायची पाळी आली तर? माझ्यावर ती दोन वर्षांपूर्वी आली.

ठाण्याहून भिवंडीकडे येताना खाडीचा पूल ओलांडला की आमचं कशेळी. मधुमेहाने सासूबाईंची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, ठाण्याला डायलिसिस सुरू झालं. सकाळी त्यांना घेऊन जायचं, दुपारी परतून माझी अर्धवेळची शाळा गाठायची.

आम्हाला वाटलं होतं, रक्त स्वच्छ झालं की माणसाला हुशारी येईल. झालं उलटंच. मशीनवरून उठल्या की मळमळ, उलटी, पोटऱ्यांत गोळे, आणि मग रात्रीपर्यंत नुसतं पडून राहणं. एकदा तर रिक्षा पुलावर गर्दीत अडकली असताना त्यांनी माझ्या खांद्यावर मान टाकली. हातपाय गार! घरी आणून मी घाईघाईने मीठ घातलेलं लिंबू सरबत दिलं. तासाभरात बरं वाटलं आणि मला वाटलं, औषध सापडलं. पण त्या रात्रभर “अगो पोरी, घोटभर पाणी दे” चाललं होतं. पुढच्या वेळी वजन साडेतीन किलोने वाढलेलं, आणि पुन्हा तीच उलटी!

शेवटी मी धीर करून डॉक्टरांना विचारलं. त्यांनी समजावलं ते तुम्हालाही सांगते. लघवी कमी झाली की प्यालेलं पाणी अंगातच राहतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. ते पाणी मुरलेलं असतं साऱ्या अंगात, पण मशीन काढून घेतं फक्त रक्तातून. विहिरीवर पंप लावला आणि झऱ्यांपेक्षा जोरात पाणी उपसलं, तर विहिरीचा तळ लागतो ना? तसंच हे. अंगातलं पाणी रक्तात उतरायला वेळ लागतो. उपसा घाईने झाला की रक्तदाब पडतो. मग मळमळ, जांभया, घाम, चक्कर, पायात गोळे. साधारणपणे दर किलो वजनामागे तासाला १३ मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी काढू नये, असं मानतात. सासूबाई ५० किलोच्या. म्हणजे तासाला ६५० मिलिलिटर, चार तासांत फार तर २.६ लिटर. आम्ही नेत होतो साडेतीन! मग दोष मशीनला कसा द्यायचा?

“पण पाणी तर मी मोजून देते,” मी म्हटलं. डॉक्टर हसले. “पाणी मोजता, मीठ मोजता का?” सुमारे आठ ग्रॅम मीठ अंगात एक लिटर पाणी धरून ठेवतं. मीठ खाल्लेल्या माणसाला तहान लागणारच, तिथे मनाचा निग्रह चालत नाही. आणि आमचं घर खाडीकाठचं! सुकट, सुके बोंबील, जवळा, वर लोणचं नि पापड. सासूबाईंना त्याशिवाय घास उतरत नसे. मी त्यांच्या पाण्यावर पहारा ठेवत होते आणि ताटात तहानच वाढत होते. मधुमेहाच्या माणसाची साखर चढली तरी तहान वाढते, हेही तेव्हाच कळलं.

घरी येऊन मी शाळेतल्यासारखी एक वही घातली. रोज सकाळी त्याच काट्यावर वजन, दिवसभराचं पाणी, डायलिसिसच्या दिवशी किती पाणी काढलं आणि नंतर कसं वाटलं. पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिलं: दिवसभरात होणारी लघवी, अधिक अर्धा लिटर. तेवढं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवते. चहा, आमटी, ताक, बर्फ, औषधाबरोबरचा घोट, सगळं त्यातच धरायचं. चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून काढून टाकते. पेला लहान केला. तोंड कोरडं पडलं की चूळ भरायची, लिंबाची फोड चोखायची किंवा बर्फाचा खडा तोंडात धरायचा. स्वयंपाकात मीठ निम्मं केलं आणि लसूण, आलं, जिरं, कोकमाने चव आणली. पंधरा दिवस सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, मग जिभा वळल्या.

दोन गोष्टींची मात्र खबरदारी घ्या. ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं, ते या रुग्णांना घातक. भेटायला येणारे प्रेमाने शहाळं आणतात, त्यातही तेच. आभार मानून ते मुलांना द्या.

वजनवाढ दोन किलोवर आली आणि उलट्या थांबल्या. चार महिने बरे गेले. मग पुन्हा मळमळ सुरू! यावेळी वहीत पाणी वाढलेलं दिसेना. मी वही डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी सासूबाईंना तपासलं आणि म्हणाले, “आजी आता नीट जेवतात, अंगावर मांस धरलंय. आणि आपण मात्र अजून जुन्याच वजनापर्यंत उपसतोय.” जादा पाणी नसलेल्या खऱ्या वजनाला ते ‘ड्राय वेट’ म्हणतात. ते एका किलोने वाढवलं आणि आठवड्यात फरक पडला. म्हणून सांगते, हे वजन कायमचं नसतं. रुग्णाची भूक वाढली किंवा तो वाळला, की डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणखीही उपाय असतात. वेळ अर्धा तास वाढवून पाणी सावकाश काढता येतं. मशीनचं द्रावण थोडं गार ठेवता येतं. रक्तदाबाची गोळी त्या सकाळी घ्यावी की नंतर, ते विचारा. मनाने बंद करू नका. ऐन डायलिसिसमध्ये पोटभर खाल्लं की रक्त पोटाकडे वळतं आणि दाब उतरतो, म्हणून तेव्हा जड खाणं नको. संपल्यावर एकदम उठवू नका, आधी बसवा. घरी चक्कर आली तर आडवं करून पाय उशीवर ठेवा. मात्र छातीत दुखणं, दम लागणं, शुद्ध हरपणं, थंडी वाजून ताप, न थांबणारी उलटी किंवा सुईच्या जागेचं रक्त न थांबणं, यांत घरगुती उपाय नकोत. तडक दवाखाना गाठा.

या उपचाराचं नाव आपल्याकडे घरोघरी झालं ते १९७५ साली, जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोकमध्ये होते तेव्हा. त्यानंतर १९७९ पर्यंत ते डायलिसिसवर जगले. तेव्हा हे मोठ्या शहरांपुरतं होतं. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे आणि केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही २०१६ साली जाहीर झाला. रेशनकार्ड घेऊन दवाखान्यात चौकशी जरूर करा.

शेजारी म्हणायचे, “सून म्हातारीला पाणीसुद्धा मोजून देते.” ऐकून मी स्वयंपाकघरात रडले आहे. गेल्या महिन्यात तेच कुणीतरी सासूबाईंसमोर म्हणालं. त्या म्हणाल्या, “ती मोजते म्हणून मी इथे बसलेय.” आता सकाळची बाटली त्या स्वतःच्या हाताने भरतात. थोडी जास्त भरली तर मी बघते, आणि त्या गुपचूप ओतून टाकतात!