‘ड्राय’ आणि ‘तुरट’

नाशिक परिसरातील द्राक्षमद्याचा कारखाना पाहावयास जाणाऱ्याने तेथील भाषेकडेही लक्ष द्यावे. मळ्यातले शब्द रोकडे आहेत: एप्रिलची ‘खरड छाटणी’, सप्टेंबर-ऑक्टोबरची ‘गोडी छाटणी’. आस्वादकक्षात मात्र पेला हाती येताच ‘ड्राय’ हा शब्द कानी पडतो आणि घोटाळा होतो. तांबड्या मद्याने जीभ आखडली, की पाहुणा त्यासच ‘ड्राय’ समजतो. वस्तुतः किण्वाने रसातील जवळजवळ सर्व साखर संपविली, म्हणजे मद्य ‘ड्राय’ होते. पांढरेही तसे असू शकते. जीभ आखडते ती साली-बियांतील टॅनिनमुळे. ते लाळेतील प्रथिनांस बांधते व तोंडातील स्निग्धता हरपते. तांबडे मद्य सालींसह आंबवितात; पांढऱ्यासाठी द्राक्षे आधीच दाबून केवळ रस घेतात, म्हणून त्यात टॅनिन अल्प.

या संवेदनेस मराठीत ‘तुरट’ हा नेमका शब्द आहे. सुपारी, आवळा, कच्चे केळे यांनी तो आपल्या जिभेवर पक्का केला आहे. षड्रसांतील ‘कषाय’ तोच. (‘कटु’चे भाग्य वेगळे: आयुर्वेदात तो तिखटाचा वाचक, मराठीत त्याचा ‘कडू’ झाला.) ‘ड्राय’साठी ‘कोरडी’ म्हणणे मला अप्रशस्त वाटते, कारण तोच घोटाळा मराठीत येतो. ‘अगोड’ म्हणावे, शब्द ओबडधोबड खरा, परंतु पाहुण्याची फसगत करणार नाही.