उसनी पात्रे आणि अर्धी राहिलेली गोष्ट

विद्यार्थ्यांच्या निबंधाच्या वह्या तपासताना मागल्या पानांवर लिहिलेल्या दीर्घ गोष्टी आम्हांस पुष्कळदा आढळतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे बाळापुरास आलेला असतो, किल्ल्यापासून मन नदीकाठच्या छत्रीपर्यंत चोरांचा पाठलाग चाललेला असतो, आणि तिसऱ्या प्रकरणात सारेच थांबते! पालकांस हा कालापव्यय वाटतो. आमचे मत तसे नाही. दुसऱ्याची पात्रे घेऊन नवी कथा रचणे ही मराठीची जुनीच चाल होय. मोरोपंतांनी तर एका रामकथेवर किती परींची रामायणे रचली! आम्हांस खंत वाटते ती गोष्ट अर्धी राहते याची.

याचे कारण असे की, आयत्या पात्रांमुळे आरंभ फार सुलभ होतो. नायकाचा स्वभाव, त्याचे मित्र, त्याचे घर सारे सिद्ध असते. म्हणून लेखक मुक्काम न ठरविताच प्रवासास निघतो. श्रीधरस्वामींनी 1702 साली हरिविजय 36 अध्यायांत, पुढल्याच वर्षी रामविजय 40 अध्यायांत आणि 1712 साली पांडवप्रताप 64 अध्यायांत पुरा केला. एवढा विस्तार पेलला तो अध्यायांच्या मापामुळे, असे आम्हांस वाटते. विद्यार्थ्याने प्रथम शेवटची घटना एका ओळीत लिहावी; मग आठ-दहा प्रकरणे योजून प्रत्येकास एकच प्रसंग नेमून द्यावा. एक पान निराळे राखून कोणास काय ठाऊक आहे, हे त्यावर टिपावे. नाहीतर पहिल्या प्रकरणात मुंबईस गेलेला मामा चौथ्यात अकोल्याच्या बाजारात भेटतो. मध्येच सुचलेले नवे पात्रही त्याच पानावर थांबवावे. पहिले प्रकरण वारंवार सुधारीत बसण्याचा मोह मात्र सर्वांत घातक. कित्येक हुशार मुले तेथेच अडकतात.

कधी लेखकाच्या हातून कथा पुरी होतच नाही. एकनाथांचे भावार्थरामायण युद्धकांडाच्या 44 व्या अध्यायापाशी राहिले. ते त्यांचा शिष्य गावबा याने पुरे केले. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या ‘ख्रिस्तायना’चे सुमारे दहाच अध्याय झाले होते. लग्नानंतर अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे 64 अध्याय रचिले! 1936 साली त्याही गेल्या. ग्रंथ 1938 साली प्रसिद्ध झाला. गावबा काय किंवा लक्ष्मीबाई काय, कथा कोठे जाऊन थांबते हे दोघांसही पक्के ठाऊक होते.

तेव्हा कोणाची गोष्ट अडलीच, तर त्याने ती वही खुशाल मित्राच्या हाती द्यावी. शेवटच्या घटनेचे ते पान मात्र फाडून ठेवू नये, वहीबरोबरच द्यावे.