जुनी मोटारसायकल घेताना



उसाचे बिल खात्यावर पडले की आपल्या उमरखेड भागात जुन्या मोटारसायकलींचे सौदे सुरू होतात. नवी परवडत नाही आणि गाडीवाचून भागत नाही, म्हणून जुनी घेण्यात चूक काहीच नाही. चूक होते ती घाईत. विकणारा बहुधा पाहुण्यातला किंवा ओळखीचा असतो. "भाऊ, गाडी एकदम ओके आहे, काहून काळजी करता?" असे तो म्हणतो, आणि आपण चहा पिऊन किल्ली घेऊन येतो.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि आधीच सांगून ठेवावे की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. गेल्या गेल्या इंजिनजवळ हात धरून पाहावा. गरम लागले तर मालकाने आधीच किका मारून घेतल्या, हे ओळखावे. थंड इंजिन खरे बोलते. सुरू केल्यावर निळसर धूर सारखा निघत राहिला तर ऑइल जळते आहे. रिंगा, पिस्टन किंवा व्हॉल्व्हच्या सीलचा खर्च पुढे उभा आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते, ते बहुधा थोडक्यात सुधारते. थंडीतली पहिली पांढरी वाफ सोडून द्यावी. (जुन्या राजदूत, येझदीला हा नियम लागू नाही. त्या टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्येच ऑइल टाकावे लागे, धूर तर निघणारच!)

आपल्याकडची गाडी माणसांपेक्षा ओझे जास्त वाहते. दुधाच्या कॅन, खताचे पोते, वाढ्यांचे भारे. म्हणून रंगापेक्षा मागची बाजू पाहा. कॅरिअरजवळ, सीटखाली चासीला वेल्डिंग मारलेले आहे का? मागचे चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवा. खडखडले तर बेअरिंग किंवा स्विंग आर्मचे बुश गेले. चेन मागच्या चक्राच्या दातांवरून ओढून पाहा. दात करवतीसारखे टोकदार झाले असतील तर सगळा चेन सेट बदलावा लागेल. पुढचे चाक उचलून हँडल हळू फिरवा, मध्येच अडकले तर कोन सेट खराब. मग मागे उभे राहून दोन्ही चाके एका रेषेत दिसतात का तेही पाहा.

मीटरवर विश्वास ठेवू नये, ते मागे फिरवता येते. फूटरेस्टचे रबर आणि ब्रेकचा पायडल घासून गुळगुळीत, आणि मीटर म्हणते बारा हजार, तर कोण खोटे बोलते ते कळतेच. पैनगंगेच्या काठची गाडी असेल तर हेडलाइटच्या आत आणि सीटखालच्या वायरींत गाळ बसला आहे का तेही पाहा.

आता कागद. चासी नंबर हँडलखाली मानेवर आणि इंजिन नंबर इंजिनवर ठोकलेला असतो. चिखल पुसून दोन्ही आर.सी.शी एकेक आकडा जुळवा. खाडाखोड दिसली तर सौदा तिथेच सोडा. आर.सी.वर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. किनवटच्या पलीकडून, तेलंगणातून स्वस्तात गाडी येते. तिला तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखला हवाच, आणि कायमची इथे ठेवायची तर इथला कर व नवा नंबर आलाच. नोंदणीचे वर्षही पाहा, कारण पंधरा वर्षांनी गाडी तपासून नोंदणी नव्याने करावी लागते.

विकणाऱ्या सभासदांनाही दोन शब्द. फॉर्म २९ आणि ३० वर सही केली म्हणजे सुटलो, असे नाही. २००७ साली विकलेली एक मोटार हातोहात फिरली, २००९ मध्ये तिने अपघात केला, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर होती. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या मालकावरच ठेवली. तेव्हा विक्रीची खबर चौदा दिवसांत आरटीओला द्या, पोच जपून ठेवा, आणि नाव बदलले का ते एम-परिवहन ॲपवर पोराकडून पाहून घ्या. घेणाऱ्यानेही चौदा दिवसांतच विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा.