दीड वर्षाच्या हाताला काय झेपेल?

पहिल्या वाढदिवसाला हमखास येणाऱ्या भेटींत एक डबा असतो. झाकणाला गोल, चौकोनी, त्रिकोणी भोकं आणि त्यांतून आत टाकायचे त्याच आकारांचे रंगीत ठोकळे. खोक्यावर '१ वर्ष आणि पुढे' असं छापलेलं. पाहुणे गेले की आईबाबा बाळाला घेऊन बसतात. बाळ ठोकळा उचलतं, तोंडात घालतं, झाकणावर आपटतं, मग झाकणच उपटून सगळे ठोकळे जमिनीवर ओततं. "अजून जमत नाही गं त्याला," असं म्हणत आजी डबा कपाटावर ठेवून देते.

जमत नाही हे खरंच, पण त्यात बाळाचं काही उणं नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या ओर्नक्लू आणि फॉन हॉफस्टेन या संशोधकांनी हाच खेळ प्रयोगशाळेत नेला. त्यांचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. प्रयोगात १४, १८, २२ आणि २६ महिन्यांची मुलं होती. १४ महिन्यांच्या मुलांना ठोकळा भोकात घालायचा आहे एवढं नीट कळत होतं. ती हौसेने तो भोकावर दाबत होती. पण कसा वळवला तर तो आत जाईल, याचा अंदाज त्यांना नव्हता. २२ महिन्यांपर्यंत आडवा पडलेला ठोकळा उभा करून न्यायचं सुचू लागलं होतं. आणि २६ महिन्यांची मुलं हात भोकापाशी पोचण्याआधीच ठोकळा हवा तसा फिरवून घेत होती. म्हणजे ठोकळा फिरवला की कसा दिसेल, हे त्यांना मनातल्या मनात पाहता येऊ लागलं होतं. ही समज येण्यात जवळजवळ एक वर्ष जातं आणि त्या वर्षभरात तो डबा बहुतेक घरांत कपाटावरच असतो.

हाताचंही तसंच. दीड वर्षाच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे पहिल्यांदा पाहणारा चक्रावतो. मनगटात आठ हाडं असतात असं आपण शाळेत शिकलेलो असतो, इथे मात्र बहुधा दोनच दिसतात. बाकीची अजून कूर्चेची असल्यामुळे एक्स-रेत उमटतच नाहीत. तिसरं हाड साधारण दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान दिसू लागतं, आठवं तर आठव्या वर्षानंतर. कौशल्य काही हाडांवरच ठरत नाही, मेंदू आणि स्नायूंचा वाटा त्यात मोठा आहे. तरी हा हात अजून घडतो आहे, हे त्या एक्स-रेइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. बालरोगतज्ज्ञ तपासणीत ठोकळ्यांचा मनोरा रचायला सांगतात तेही याचसाठी. १५ महिन्यांचं मूल साधारण दोन ठोकळे एकावर एक ठेवतं, दीड वर्षाचं तीन, दोन वर्षांचं सहा, तीन वर्षांचं नऊ. दीड वर्षाचं मूल खडू मुठीत धरतं आणि रेघ मारताना सगळा हात खांद्यापासून हलवतं. म्हणून बारीक पेन्सिलींचा देखणा संच त्याला उपयोगाचा नाही. जाडजूड खडू आणि जुन्या कॅलेंडरची मोठी पाठकोरी पानं द्यावीत.

खोक्यावरच्या वयाचं काय करायचं? '३ वर्षांखालील मुलांसाठी नाही' ही सूचना सुरक्षिततेची आहे आणि मूल कितीही हुशार असलं तरी ती पाळायचीच. पण '१ वर्ष आणि पुढे' या शब्दांतून खेळणं कधीपासून चालेल एवढंच समजतं, कधी रंगेल ते समजत नाही. शिवाय एकाच वयाची दोन मुलं सारखी नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची नोंद ठेवली, तेव्हा आधाराशिवाय चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने एवढा लांबरुंद निघाला. वर्षाचं एक मूल घरभर धावत असेल, दुसरं अजून रांगत असेल आणि दोघंही ठणठणीत असतील. तेव्हा भेट घ्यायला निघण्याआधी आईला किंवा आजीला फोन करून विचारावं, "सध्या दिवसभर त्याचं काय चाललेलं असतं?" उत्तर हटकून मिळतं आणि बहुतेक वेळा ते तक्रारीच्या सुरात असतं. सगळं खाली फेकतो. डबे उपसते. खुर्च्या ढकलत नेतो. माझी चप्पल घालून हिंडते.

या तक्रारी नीट ऐकाव्यात. फेकण्याचंच घ्या. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी आपल्या मुलाला, लोराँला, एकेक वस्तू हात लांबवून खाली सोडताना पाहिलं. तो हात कधी वर, कधी बाजूला नेत होता आणि वस्तू कुठे पडते ते बघत होता. तेव्हा तो दहा-अकरा महिन्यांचा होता. हट्ट किंवा खोडी म्हणून ते सोडून न देता पियाजेंनी त्यात प्रयोग पाहिला, आणि माझ्या मते बालविकासाच्या अभ्यासातली ही फार मोलाची नजर आहे. अशा मुलाला कापडी, लोकरी, रबरी असे वेगवेगळ्या वजनाचे, वेगवेगळ्या उसळीचे चेंडू द्यावेत.

डबे उपसणारी मुलगी स्वयंपाकघरात बसून कांद्याच्या टोपलीतला एकेक कांदा पातेल्यात टाकते आणि पातेलं भरलं की एकेक करून परत टोपलीत. मध्येच एक कांदा वाटीत बसवायला बघते, तो बसत नाही, ती वाटी उलटी करून बघते, मग मोठी वाटी ओढते. आत-बाहेर, लहान-मोठं, मावणं-न मावणं हे सगळं ती हाताने शिकते आहे. तिच्यासाठी भांड्यांच्या दुकानातून एकात एक बसणारे स्टीलचे पाच डबे घ्यावेत, कडांवरून बोट फिरवून धार नाही ना ते बघावं. खेळण्यांच्या दुकानात यापेक्षा सरस काही मिळेल असं मला वाटत नाही.

खुर्च्या ढकलणाऱ्याला लाकडी पांगुळगाडा द्यावा. न्यूयॉर्कमध्ये कॅरन अॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळेपणी खेळताना मोजलं, तर ती तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. या पडण्या-उठण्यातूनच तोल येतो. पांगुळगाड्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभं असतं. मात्र गाडा जरा जड हवा, हलका असला तर पुढे पळतो. मध्ये बाळाला बसवायचे चाकांचे गोल वॉकर मात्र कुणीही, कितीही प्रेमाने, देऊ नयेत. त्यांनी चालणं लवकर येत नाही, उलट जिन्यावरून कोसळण्याचे आणि गरम भांड्यापर्यंत हात पोचण्याचे अपघात होतात. कॅनडाने २००४ साली त्यांच्या विक्रीवर बंदीच घातली.

दीड वर्षानंतर एक नवं दार उघडतं. मूल रिकामा कप तोंडाला लावून चहा पितं, बाहुलीला भरवतं. ज्युडी डिलोच यांनी २००४ साली याच वयातली एक गंमत नोंदवली. दीड ते अडीच वर्षांची मुलं आधी मोठ्या घसरगुंडीवर, खुर्चीवर, गाडीत खेळली. मग त्याच वस्तूंच्या चिमुकल्या प्रतिकृती समोर आल्यावर काही मुलं गंभीरपणे तळहाताएवढ्या गाडीत पाय घालू लागली. वस्तू ओळखीची आहे, तिचं काय करायचं तेही माहीत आहे, पण आकाराची जाणीव त्या क्षणी कामाला येत नाही. म्हणून भातुकली अडीच-तीन वर्षांच्या पुढे रंगते. त्याआधी खरी वाटी, खरं पोळपाट-लाटणं, लहानशी केरसुणी बरी. आणि बाहुली मुलग्यालाही द्यावी, भरवणं-थोपटणं त्यालाही शिकायचंच असतं.

दिवे लागणाऱ्या, गाणी म्हणणाऱ्या खेळण्यांबद्दल माझं मत स्पष्टपणे विरोधी आहे. अमेरिकेत अॅना सोसा यांनी १० ते १६ महिन्यांची २६ बाळं आणि त्यांचे पालक यांचं घरातलं खेळणं ध्वनिमुद्रित केलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बोलक्या खेळण्यांशी खेळताना पालक कमी बोलले, बाळाशी होणारी देवाणघेवाण घटली आणि बाळांचे उद्गारही कमी झाले. पुस्तक हाती असताना बोलणं सगळ्यात जास्त होतं. खेळणं बोलायला लागलं की घरातलं माणूस गप्प बसतं. जाड पुठ्ठ्याच्या पानांचं, पानावर एकच मोठं चित्र असलेलं पुस्तक याहून स्वस्त मिळतं.

सुरक्षिततेचं थोडक्यात, पण ठासून सांगते. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळीत मावता कामा नये. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते पाहूनच घ्यावं. चपटा बटण सेल असलेलं खेळणं टाळावंच. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम होते, त्यामुळे मुलाने तो गिळल्याचा नुसता संशय आला तरी तडक रुग्णालय गाठावं. बोरन्हाणाला भेट घेऊन जाल तेव्हा जमिनीवर सांडलेली बोरं, हलवा, गोळ्या लगेच उचलायला हात लावावा. दाढा पुरत्या न आलेल्या मुलांच्या घशात नेमक्या याच गोष्टी अडकतात.

राहता राहिला प्रश्न संख्येचा. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी दिली. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याचे जास्त तऱ्हेने उपयोग करू लागली. वाढदिवसाला वीस भेटी आल्या, तर चार बाहेर ठेवून बाकीच्या कपाटात टाकाव्यात आणि पंधरा दिवसांनी अदलाबदल करावी. त्या कपाटात आपली भेट गेली तर आपण वाईट वाटून घेऊ नये. आकारांच्या डब्याचंही तसंच, त्याला दर दोन-तीन महिन्यांनी खाली काढत राहावं.