आधी पायथन की आधी सी?

टिटवाळ्याहून सकाळची लोकल पकडून कल्याणच्या कॉलेजात जाणाऱ्या आपल्या अनेक मुलामुलींनी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापर्यंत एकही प्रोग्राम लिहिलेला नसतो. घरी लॅपटॉप नाही, हातात मोबाईल. त्यांना प्रोग्रामिंग शिकवायचे कसे?

मुंबई विद्यापीठाच्या 2016-17 च्या अभ्यासक्रमाने याची दोन उत्तरे दिली. कॉम्प्युटर सायन्सला पहिल्याच सत्रात पायथन, आयटीला सी. डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास घडवलेली सी यंत्राच्या पोटात डोकावायला शिकवते, हे मान्य. पण स्कॅनएफमध्ये चलाच्या आधी ते '&' चिन्ह का, हे पॉइंटर आल्याशिवाय नीट सांगताच येत नाही. तोवर "पाठ करा, पुढे कळेल!" प्रश्न विचारू न देणारे शिक्षण आपल्याला नवे नाही. पायथनची पहिली ओळ पहिल्या दिवशी चालते, मोबाईलवरसुद्धा. म्हणून आधी पायथन, दुसऱ्या सत्रात सी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र भाषा निवडली की काम संपले, असे प्राध्यापकांनी समजू नये. 'एक्स = एक्स + 1' ही ओळ शाळेत बीजगणित शिकलेल्या मुलीला खोटीच वाटणार. आणि बीजगणितात ती खोटीच आहे! तिला मराठीत सांगा : एक्स नावाच्या डब्यात जे आहे त्यात एक मिळव आणि पुन्हा त्याच डब्यात ठेव. मग वहीत रकाने आखून प्रत्येक फेरीनंतर डब्यात काय आहे ते पेन्सिलीने लिहायला लावा. याला लॅपटॉप लागत नाही. परतीच्या लोकलमध्येही होते, बसायला जागा मिळाली तर.