जाहिरात, प्रज्ञापराध आणि वैद्याचे कर्तव्य

चिकित्सालयात येणारा रुग्ण अलीकडे पुष्कळदा पिशवीतून दोन-चार डबे काढून आमच्यापुढे ठेवतो. कोणी मधुमेहाचे चूर्ण आणतो, कोणी वजन उतरविणारा रस. ‘कोणी दिले?’ असे विचारल्यास ‘टीव्हीवर पाहिले’ किंवा ‘मोबाईलवर आले’ असे उत्तर मिळते. या खर्चाचा दोष जाहिरातीचा की घेणाऱ्याचा? या प्रश्नाचा आपल्या शास्त्राच्या आधारे विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चरकाचार्यांनी शारीरस्थानात धी, धृति व स्मृति यांच्या भ्रंशातून प्रज्ञापराध घडतो असे सांगितले आहे. हिताहित ठरविते ती धी, अहितापासून मनाला आवरते ती धृति आणि पूर्वानुभव जागा ठेवते ती स्मृति. या शक्ती मनुष्याजवळ आहेत, म्हणूनच आपल्या व्यवहाराची जबाबदारी त्याची आहे. साबण किंवा कपडा घेताना ‘जाहिरातीने फसविले’ असे म्हणून सुटका होत नाही.

औषधाची गोष्ट मात्र निराळी आहे. गुलमंडीत साडी घेताना चार दुकाने पालथी घालणारा ग्राहक औषधाचा डबा निमूटपणे घेतो, कारण साडीचा पोत हाताला कळतो, औषधाचा गुण कळत नाही. कित्येक व्याधी आपोआप कमी-अधिक होतात. त्यामुळे अनुभवही दिशाभूल करतो व स्मृति उपयोगी पडत नाही. ‘सवलत आज रात्रीपर्यंतच’ ही घाई धृतीवर घाव घालते आणि नामवंताचा चेहरा धीला झाकोळतो. शिवाय रुग्ण भयग्रस्त असतो. अशा वेळी केवळ त्याच्या विवेकाकडे बोट दाखविणे न्याय्य नव्हे.

ही युक्ती नवी नाही. सूत्रस्थानाच्या २९ व्या अध्यायात वर्णिलेले ‘रोगाभिसर’ कोणी आजारी असल्याचे कळताच धावत येतात, त्याला ऐकू जाईल असे स्वतःचे गुण गातात व उपचार करणाऱ्या वैद्याचे दोष सांगतात. ११ व्या अध्यायातील ‘सिद्धसाधित’ वैद्य दुसऱ्याच्या कीर्तीवर स्वतःला मोठा म्हणवितो. दोन्ही ठिकाणी आचार्यांनी दोष रुग्णाला दिलेला नाही.

कायद्याचीही दृष्टी हीच आहे. १९५४ च्या औषधे व चमत्कारिक उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, स्थूलता, मोतीबिंदू, शरीराची उंची इत्यादी विषय असून त्यांवरील उपचाराचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीस बंदी आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या शहरातील खंडपीठाने हनुमान चालिसा यंत्रासारख्या वस्तूंत अद्भुत सामर्थ्य असल्याची जाहिरात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार बेकायदेशीर ठरविली व ती दाखविणाऱ्या वाहिन्यांनाही जबाबदार धरले. ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी जाहिरातदाराइतकेच त्यात झळकणारे नामवंतही उत्तरदायी असल्याचे सांगितले.

येथे आपल्या व्यवसायाचा प्रश्न येतो. आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातीपूर्वी परवाना अधिकाऱ्याची मान्यता आवश्यक करणारा नियम १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला. केंद्र शासनाने १ जुलै २०२४ रोजी तो वगळला. त्यास सर्वोच्च न्यायालयाने दिलेली स्थगिती ऑगस्ट २०२५ मध्ये उठली. पूर्वमान्यतेची ही चाळणी आता नाही. १९५४ चा कायदा आहे, पण तो जाहिरात प्रसिद्ध झाल्यावर कामास येतो. तोवर एखाद्या मधुमेही रुग्णाने इन्सुलिन बंद केलेले असू शकते, आणि अपकीर्ती होते ती आयुर्वेदाची.

म्हणून आमची वैद्यबंधुभगिनींना विनंती आहे. रुग्णपत्रात ‘जाहिरातीवरून घेतलेली औषधे’ असा रकाना ठेवावा. त्यात औषधाचे नाव, मात्रा व मासिक खर्च लिहावा. चालू असलेले कोणते औषध बंद केले, हे आवर्जून विचारावे. विचारताना रागावू नये. रागावल्यास रुग्ण पुढच्या खेपेस डबा घरीच ठेवतो. दावा आक्षेपार्ह वाटल्यास २०२५ साली सुरू झालेल्या आयुष सुरक्षा पोर्टलवर किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. आणि ‘हमखास गुण’ हे शब्द स्वतःच्या फलकावर असल्यास ते प्रथम उतरवावेत.

ग्राहकाने विवेक बाळगावा हे खरेच. परंतु ज्याला अधिक कळते त्याची जबाबदारीही अधिक. औषधाच्या बाबतीत अधिक कळणारे आपण आहोत.